जदवल ते वेबपान : पानावरील चौकटींचा इतिहास

आपल्या घरांतील जुन्या कपाटात, एखाद्या पेटाऱ्यात किंवा मशिदीच्या कोनाड्यात शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी शिळाप्रेसवर छापलेली एखादी किताब अजूनही सापडते. कागद पिवळा पडलेला असतो, कडा वाळवीने कुरतडलेल्या असतात, बांधणी सुटलेली असते. बहुधा ती उघडून, डोळ्यांस लावून, आदराने होती तेथे पुन्हा ठेवून दिली जाते. माझी वाचक बंधु-भगिनींना विनंती आहे, की पुढच्या वेळी अशी किताब हाती आली म्हणजे मजकूर वाचता येवो अथवा न येवो, क्षणभर ते पान नुसते पाहावे. मधोमध रेघांची एक चौकट असते. तिच्यात मूळ ग्रंथाचा मजकूर, म्हणजे मतन. चौकटीच्या बाहेर, तिन्ही बाजूंनी, बारीक अक्षरांत आणि कधी तिरप्या ओळींत टीका असते. तिला हाशिया म्हणतात. मतनाच्या दोन ओळींमधल्या जागेतही कठीण शब्दांचे अर्थ भरलेले असतात, ते बैनस्सुतूर. एवढी दाटी असूनही वाचणाऱ्याचा गोंधळ होत नाही. कोणता शब्द मूळ ग्रंथकाराचा आणि कोणता टीकाकाराचा, हे चौकटच सांगते.

प्रस्तुत लेख या चौकटीविषयी आहे. मात्र तो जुन्या किताबांत थांबणारा नाही. आज आपली मुले निकाल, प्रवेशअर्ज, शिष्यवृत्तीच्या सूचना मोबाईलच्या पडद्यावर वाचतात. ती पाने कशी बांधली जातात आणि ती बांधणी कोणत्या चुकांतून व वादांतून आजच्या रूपास आली, हा या लेखाचा मुख्य विषय होय. मी इतिहास शिकविणारा मनुष्य. शाळेत संगणक कक्ष आला तेव्हा "तुम्ही तरुण आहात" एवढ्याच पात्रतेवर तो माझ्या गळ्यात पडला. त्यामुळे या विषयाच्या घरात मी इतिहासाच्या दारानेच शिरलो आहे, हे आधीच सांगितलेले बरे.

हस्तलिखितांच्या काळी एक पान एका माणसाच्या हातून पुरे होत नसे. प्रथम मिस्तर लागे. मिस्तर म्हणजे एका पुठ्ठ्यावर समान अंतराने ताणून बसविलेले दोरे. कागद त्यावर ठेवून बोटांनी दाबला की शाईशिवाय ओळींच्या खुणा उमटत. त्या खुणांवर कातिब मजकूर लिही. मजकुराभोवतीच्या रंगीत व सोनेरी रेघा, ज्यांना जदवल म्हणत, त्या आखणारा जदवलकश वेगळा. वेलबुट्टी व सोन्याचे काम करणारा मुजह्हिब वेगळा. आणि पाने शिवून जिल्द बांधणारा कारागीर आणखी वेगळा. लिहिणे आणि सजविणे ही दोन कामे आहेत, दोन हातांची आहेत, ही गोष्ट या लोकांस पुरती ठाऊक होती.

याचा एक नमुना मोठा मनोरंजक आहे. सोळाव्या शतकातील विख्यात खुशनवीस मीर अली हेरवी यांच्या लिखाणाचे तुकडे पुढे मोगल दरबारी आले. जहांगीर व शाहजहान यांच्या मुरक्क्यांत, म्हणजे चित्रे व सुलेखन यांच्या संग्रहांत, ते तुकडे नव्या कागदावर बसवून त्यांभोवती नवे हाशिये रंगविण्यात आले. अक्षर तेच राहिले आणि भोवतालची सजावट पार बदलली. मूळ अक्षराला धक्का न लावता हे करता आले, कारण मजकूर आपल्या चौकटीत स्वतंत्र होता. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे एका अगदी वेगळ्या ठिकाणी ती पुन्हा भेटणार आहे.

आता आपण जिनिव्हास जाऊ. तेथे सर्न नावाची अणुविज्ञानाची मोठी संशोधनसंस्था आहे. देशोदेशीचे हजारो शास्त्रज्ञ तेथे येत, काही वर्षे काम करून परत जात, आणि त्यांचे कागदपत्र निरनिराळ्या जातींच्या संगणकांत अडकून राहत. एका यंत्रावरचा कागद दुसऱ्यावर उघडत नसे. टिम बर्नर्स-ली या इंग्रज गृहस्थाने मार्च १९८९ मध्ये यावर एक योजना वरिष्ठांपुढे ठेवली. १९९० च्या अखेरीस त्याचे पहिले पान चालू झाले आणि १९९१ च्या ऑगस्टमध्ये त्याने ही गोष्ट बाहेरच्या जगास जाहीर केली. पाने लिहिण्यासाठी त्याने जी भाषा केली तीच एचटीएमएल. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने हे सारे तंत्र कोणताही मोबदला न मागता जगाला खुले करून दिले. विद्यादान याहून वेगळे काय असते?

एचटीएमएलची कल्पना साधी आहे. मजकुराच्या तुकड्याच्या सुरुवातीस कोनी कंसात एक खूण करावयाची आणि शेवटी तीच खूण तिरप्या रेघेसह पुन्हा करावयाची. या खुणेला टॅग म्हणतात. हा मथळा, ही यादी, हा दुवा, असे टॅग सांगतो. पहिल्या जाहीर यादीत असे जेमतेम अठरा टॅग होते. ही पद्धतही आकाशातून पडली नव्हती. आयबीएम कंपनीत १९६९ पासून चार्ल्स गोल्डफार्ब, एडवर्ड मोशर व रेमंड लोरी यांनी अशीच एक भाषा घडविली होती आणि तिघांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून तिला जीएमएल हे नाव दिले होते. तिच्यातून निघालेल्या एसजीएमएलला १९८६ साली आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला. बर्नर्स-ली याने तिचाच साचा उचलला.

महत्त्वाची गोष्ट अशी, की टॅग वस्तूचे नाव सांगत असे, रूप सांगत नसे. हा मथळा आहे, एवढेच तो म्हणे. मथळा लाल हवा की काळा, केवढ्या आकाराचा, याबद्दल तो मौन पाळी. याला कारण होते. सर्नमध्ये काही पडदे चित्रे दाखविणारे होते, तर काही नुसत्या हिरव्या अक्षरांचे. प्रत्येक यंत्राने आपल्या कुवतीप्रमाणे मथळा दाखवावा, ही योजना होती. कातिबाने लिहावे आणि जदवलकशाने आखावे, तसेच हे.

परिच्छेदाची हकीकत तर शिक्षकाला फारच आवडण्यासारखी आहे. सुरुवातीच्या एचटीएमएलमध्ये परिच्छेदाचा टॅग ही चौकट नव्हतीच. दोन परिच्छेदांच्या मध्ये ठेवावयाचा तो एक दुभाजक होता. शेतांमध्ये बांध घालावा तसा. बांधाने शेत वेगळे होते खरे, पण शेताला नाव किंवा सात-बारा मिळत नाही. "या परिच्छेदाची अक्षरे मोठी करा" असे म्हणावयाचे तर तो परिच्छेद कोठे सुरू झाला व कोठे संपला, हे यंत्राला कळले पाहिजे. नोव्हेंबर १९९५ मध्ये एचटीएमएलची दुसरी आवृत्ती अधिकृत झाली. तोवर परिच्छेदाचा टॅग बांध राहिला नव्हता. मजकूर पोटात घेणारी पेटी झाला होता. बदल वरवर किरकोळ दिसतो. परंतु पुढची सारी इमारत या पेटीच्या कल्पनेवर उभी आहे. पेटी असली म्हणजे तिला नाव देता येते, तिच्यात दुसरी पेटी ठेवता येते, तिला रंग देता येतो, आणि ती उचलून दुसरीकडे ठेवता येते.

पेट्या हव्यात तर एखादी सर्वसाधारण पेटीही हवी. मथळ्याला मथळ्याची, यादीला यादीची. पण "प्रकरण", "परिशिष्ट", "सारांश" यांना कोणती? ब्रिस्टल येथे काम करणाऱ्या डेव्ह रॅगेट यांनी १९९५ च्या एका मसुद्यात त्यासाठी डिव नावाचा टॅग सुचविला. डिव म्हणजे डिव्हिजन, विभाग. त्याला स्वतःचे रूप नाही, अर्थ नाही. त्यावर वर्गाची चिठ्ठी लावली म्हणजे तो काय आहे ते ठरते. तो मसुदा पुढे बारगळला, पण डिव टिकला. आज जगातील वेबपानांवर त्याची संख्या मोजू म्हटले तरी मोजवणार नाही.

मात्र त्या काळी लोकांना विभागांपेक्षा देखाव्याची घाई झाली होती. १९९३ मध्ये मोझेक या ब्राउझरने मजकुरात चित्रे आणली, १९९४ मध्ये नेटस्केप आला, आणि वेब ही शास्त्रज्ञांची खोली न राहता बाजारपेठ झाली. बाजाराला पाटी लागते. नेटस्केपने अक्षरे रंगविण्याचा आणि मजकूर मध्यावर आणण्याचा असे टॅग काढले. तक्त्यांसाठी टेबल हा टॅग आला. रेल्वेचे वेळापत्रक, गुणपत्रक असल्या माहितीसाठी तो होता. कारागिरांनी पाहिले, की तक्त्याच्या रेघा अदृश्य केल्या तर तक्ता म्हणजे आयती मांडणी होते. डावीकडच्या घरात सूची, मधल्या घरात मजकूर, उजवीकडे जाहिरात. मग तक्त्यात तक्ता, त्या तक्त्यात आणखी तक्ता. दोन घरांत अंतर ठेवायचे तर एका ठिपक्याएवढे पारदर्शक चित्र ताणून तेथे बसवीत. डेव्हिड सीगल यांच्या १९९६ च्या एका पुस्तकाने ही विद्या घरोघरी पोहोचविली. पुढच्याच वर्षी त्यांनी स्वतः लेख लिहून, वेबची नासाडी झाली आणि ती आपण केली, अशा अर्थाची कबुली दिली. प्रामाणिकपणाबद्दल त्यांना दाद दिली पाहिजे. तथापि तक्त्यांची सवय त्यानंतर दहा वर्षे सुटली नाही.

यात वाईट काय झाले, असे कोणी विचारील. पान तर छान दिसत होते. उत्तर असे, की पान पाहणाऱ्यालाच छान दिसत होते. अंध माणूस स्क्रीन रीडर वापरतो. पडद्यावरचा मजकूर आवाजात वाचून दाखविणारी ती एक प्रणाली असते. ती पान ज्या क्रमाने लिहिले आहे त्या क्रमाने वाचते. तक्ता ओळीने वाचला गेला, की पहिल्या घरातील सूची, मग शेजारच्या जाहिरातीचा तुकडा, मग बातमीचे अर्धे वाक्य, असा भलताच मजकूर कानावर येई. मतन आणि हाशिया एकमेकांत कालवून कोणी वाचून दाखवावे, तसे ते होते.

यावरचा उपाय रोग बळावण्याआधीच एकाने सुचविला होता. होकॉन विउम ली हे नॉर्वेचे गृहस्थ सर्नमध्येच होते. १० ऑक्टोबर १९९४ रोजी त्यांनी असा प्रस्ताव मांडला, की पानाचे रूप पानात न लिहिता वेगळ्या कागदावर लिहावे. नेदरलंड्सचे बर्ट बॉस हे अशाच विचाराने काम करीत होते. दोघे एकत्र आले. १७ डिसेंबर १९९६ रोजी हे तंत्र सीएसएस या नावाने अधिकृत झाले. एचटीएमएलमध्ये पेटीवर "सूचना" अशी चिठ्ठी लावावयाची. सीएसएसच्या कागदावर "सूचना असेल तिला हिरवी कड, आत एवढी मोकळी जागा" असे एकदाच लिहावयाचे. शंभर पानांवरच्या सर्व सूचना त्या एका वाक्याने बदलतात.

सीएसएसच्या दृष्टीने प्रत्येक टॅग ही एक पेटी आणि प्रत्येक पेटीला चार थर. सर्वांत आत मजकूर. त्याभोवती मोकळी जागा, तिला पॅडिंग म्हणतात. मग कड, म्हणजे बॉर्डर. आणि कडेबाहेर शेजाऱ्यापासून राखलेले अंतर, म्हणजे मार्जिन. आरंभी वर्णिलेले किताबाचे पान पुन्हा डोळ्यांपुढे आणावे. मतन, मतन व रेघ यांमधील कोरा पट्टा, जदवल, आणि हाशिया. थरास थर जुळतो. फरक एवढाच, की आमच्या हाशियात विद्वानांची टीका बसे आणि यांचा मार्जिन रिकामा असतो. "हाशियावर ढकललेले" हा शब्दप्रयोग आता उपेक्षितांसाठी वापरतात. जुन्या किताबांत हाशियावर बसणे हा मान होता.

या चार थरांवरूनही एक भांडण झाले. समजा, पेटीची रुंदी ३०० ठरविली, आत दोन्ही बाजूंस २० ची मोकळी जागा आणि ५ ची कड ठेवली. मानकाप्रमाणे ३०० ही केवळ मजकुराची रुंदी, म्हणून एकूण पेटी ३५० ची होते. मायक्रोसॉफ्टचा ब्राउझर मात्र ३०० मध्येच सारे बसवी, आणि मजकुराला २५० उरत. एकच पान दोन ब्राउझरांत दोन तऱ्हांनी मोडे. २००१ च्या सहाव्या आवृत्तीत त्यांनी मानक स्वीकारले. गंमत अशी, की नंतर सीएसएसमध्येच दोन्ही पद्धतींची मुभा आली आणि आज पुष्कळ कारागीर हौसेने ती जुनी "चुकीची" पद्धतच निवडतात. सुताराला विचारा, तो पेटीचे माप बाहेरूनच घेतो.

२००३ च्या मे महिन्यात डेव्ह शे या कॅनडातील कलाकाराने सीएसएस झेन गार्डन नावाचे एक संकेतस्थळ उघडले. मजकुराचे एचटीएमएल पान एकच, त्यास कोणी हात लावावयाचा नाही. जगभरच्या कलाकारांनी फक्त सीएसएसचा कागद पाठवावा. एकाने त्याच मजकुराचा बगीचा केला, दुसऱ्याने जुने वर्तमानपत्र, तिसऱ्याने समुद्रतळ. तक्त्यांचे पुरस्कर्ते त्यापुढे निरुत्तर झाले. मीर अली हेरवी यांच्या अक्षरांभोवती मोगल चित्रशाळेने नवे हाशिये रंगविले, त्याची आठवण येथे झाली नाही तरच नवल.

आता मी ज्या भागासाठी हा लेख लिहावयास घेतला, त्याकडे वळतो.

आपल्या समाजाच्या स्मरणिका दोन्ही बाजूंनी उघडतात, हे आपण लहानपणापासून पाहत आलो. मराठी विभाग पुढून सुरू होतो, उर्दू विभाग मागून, आणि कोठेतरी मध्ये दोन्ही एकमेकांना भेटतात. छापील पुस्तकात ही युक्ती उत्तम चालते. वेबपानाला मात्र मागची बाजू नसते. तेथे डावीकडून उजवीकडे जाणारी मराठी आणि उजवीकडून डावीकडे येणारी उर्दू एकाच पानावर, कधी एकाच ओळीत नांदली पाहिजे. आणि १९९५ च्या एचटीएमएलमध्ये यांपैकी एकीलाही जागा नव्हती. त्या भाषेने गृहीत धरलेला अक्षरसंच पश्चिम युरोपच्या भाषांपुरता होता. मराठी वर्तमानपत्रांनी आपापले फाँट उतरवून घ्यावयास सांगून वेळ मारून नेली. उर्दूची अडचण दुहेरी होती, कारण नस्तालीक लिपीची अक्षरे तिरपी उतरत जातात. मिर्झा अहमद जमील यांनी हजारो अक्षरसमूह हाताने लिहून नूरी नस्तालीक सिद्ध केली आणि १९८१ मध्ये लाहोरच्या "जंग"ने ती वापरली, तेव्हा कोठे उर्दू दैनिक कातिबांवाचून निघू लागले. १९९४ मध्ये दिल्लीहून इनपेज ही प्रणाली आली आणि आपल्याकडील उर्दू छपाई संगणकावर गेली. पण वेबवर जाताना अनेक उर्दू वृत्तपत्रांनी इनपेजवर जुळविलेल्या पानाचे चित्र काढून तेवढेच चढविले. चित्र म्हणजे चित्र. त्यात शब्द शोधता येत नाही, त्यातून वाक्य उचलता येत नाही, आणि स्क्रीन रीडर त्यापुढे मुका होतो.

या अडचणीवर चौघांनी मिळून एक मसुदा तयार केला: फ्रान्स्वा यर्जो, गॅव्हिन निकोल, ग्लेन ॲडम्स आणि मार्टिन ड्यूर्स्ट. जानेवारी १९९७ मध्ये तो प्रसिद्ध झाला. एचटीएमएलचा पाया युनिकोडसारख्या सर्व लिप्यांच्या अक्षरसंचावर घालावा, प्रत्येक पेटीवर तिची भाषा आणि लेखनाची दिशा लिहिण्याची सोय असावी, असे त्यात होते. परंतु ओळीच्या पोटातील दोन शब्दच उर्दू असले, तर दिशा कोणत्या पेटीवर लिहावयाची? डिव तर पुरी ओळ अडवितो. म्हणून ओळीत बसणारी, स्वतःचा काही अर्थ नसलेली एक छोटी पेटी त्यांनी आणली. तिचे नाव स्पॅन. १८ डिसेंबर १९९७ रोजी एचटीएमएलच्या चौथ्या आवृत्तीत भाषा, दिशा आणि स्पॅन ही तिन्ही समाविष्ट झाली.

आज स्पॅनचा उपयोग जो तो एखादा शब्द रंगवावयास करतो. संगणकाचे शिक्षकही "डिव मोठा, स्पॅन छोटा" एवढे सांगून पुढे जातात. पण त्या मसुद्यात स्पॅन रंगासाठी आला नव्हता. अरबी, हिब्रू, उर्दू यांसारख्या भाषा इतरांच्या पानावर सुखरूप बसाव्यात, म्हणून तेथे त्याची योजना झाली होती. माझ्या विद्यार्थ्यांना हे सांगितले तेव्हा वर्ग काही क्षण शांत बसला होता.

आमच्यावरही प्रसंग आला. शाळेच्या पानावर आम्ही प्रवेशाची सूचना मराठीत दिली आणि खाली एक ओळ उर्दूत, शेवटी दूरध्वनी क्रमांक, इंग्रजी आकड्यांत. आधी गावाचा कोड, मध्ये आडवी रेघ, मग क्रमांक, असे टंकित केले होते. पडद्यावर क्रमांक डावीकडे आणि कोड उजवीकडे गेला. कंसही भलत्याच टोकाला जाऊन उभा राहिला. दोन दिवस पालक उलटा क्रमांक फिरवीत होते आणि मी टंकलेखन करणाऱ्या मुलावर रागावत होतो. दोष त्याचा नव्हता. अरबी लिपीच्या अक्षरांमागोमाग आकडे आले आणि त्यांत आडवी रेघ असली, तर युनिकोडच्या नियमाप्रमाणे आकड्यांचे दोन गट उजवीकडून डावीकडे लागतात. यंत्राने नियम पाळला होता. आम्ही त्याला दिशा सांगितली नव्हती. उर्दू ओळीला स्वतःची पेटी देऊन तिच्यावर उजवीकडून डावीकडे असे लिहिले, क्रमांक एका स्पॅनमध्ये घालून त्यावर डावीकडून उजवीकडे असे लिहिले, आणि सारे जागच्या जागी आले. त्या मुलाची मी वर्गात माफी मागितली.

पुढचा इतिहास थोडक्यात. तक्ते गेले, त्यांची जागा डिवने घेतली, आणि लोकांनी डिवचाही अतिरेक केला. डिवमध्ये डिव, त्यात दहा डिव, कोणालाच नाव नाही. २००५ च्या सुमारास गूगलमध्ये इयान हिक्सन यांनी एक अब्जाहून अधिक पाने तपासून लोक पेट्यांवर कोणत्या चिठ्ठ्या लावतात ते पाहिले. पायथा, सूची, मथळा, मजकूर हेच शब्द पुन्हा पुन्हा आले. तेव्हा या नावांच्या पेट्याच भाषेत का असू नयेत? २८ ऑक्टोबर २०१४ रोजी अधिकृत झालेल्या पाचव्या आवृत्तीत हेडर, नॅव, मेन, आर्टिकल, सेक्शन, फूटर अशा स्वनामधन्य पेट्या आल्या. कोणत्या दिशेचा मजकूर येईल हे आधी ठाऊक नसते अशा जागेसाठी, उदाहरणार्थ अर्जातील नावासाठी, बीडीआय नावाची पेटीही आली. २०१७ च्या मार्चमध्ये प्रमुख ब्राउझरांत ग्रिड ही मांडणीपद्धत आली. तक्त्याने जे बेकायदा केले जात होते ते तिने राजरोस करता येऊ लागले. शिवाय आता सीएसएसमध्ये "डावी" व "उजवी" यांऐवजी "आरंभाची बाजू" व "अखेरीची बाजू" असे लिहिता येते. तसे लिहिलेले पान मराठीतून उर्दूत नेले, की सूची आपोआप उजवीकडे जाऊन बसते.

या नावांचे महत्त्व मला एका अंध विद्यार्थिनीमुळे समजले. शिष्यवृत्तीचा एक अर्ज भरण्यासाठी ती माझ्याकडे आली होती. संकेतस्थळ कोणाचे हे सांगण्याचे प्रयोजन नाही. त्यावर सगळ्या पेट्या निनावी. प्रत्येक नव्या पानावर तिला प्रथम वरची पूर्ण सूची, मंत्र्यांची नावे, मग ताज्या बातम्या ऐकाव्या लागत, तेव्हा कोठे अर्जाचा पुढचा रकाना येई. सात पानांच्या अर्जाला एक दुपार गेली. नंतर मी तिला मेन ही पेटी असलेले दुसरे एक पान उघडून दिले. तिने एक कळ दाबली आणि स्क्रीन रीडर सूची ओलांडून थेट मजकुरावर गेला. ती म्हणाली, "सर, मग हे त्या लोकांनी का नाही केलं?" एक शब्द लिहिण्याचा प्रश्न होता, हे मी तिला सांगू शकलो नाही.

आमच्या स्वतःच्या शाळेचे पानही फार स्वच्छ आहे असे नाही. मागील कित्येक वर्षांच्या उर्दू सूचना तेथे चित्ररूपातच पडून आहेत. नववीच्या वर्गातील चार मुले शनिवारी शाळा सुटल्यावर थांबून त्या एकेक करून टंकित करीत आहेत, प्रत्येकीला पेटी, भाषा आणि दिशा लावून. आजवर एकवीस झाल्या आहेत. ज्या पालकांच्या घरी जुन्या सूचनांच्या छापील प्रती असतील त्यांनी त्या काही दिवसांसाठी शाळेत आणून द्याव्यात, कारण काही चित्रांतील अक्षरे मुलांना आता लागत नाहीत.